धाव, नाडा आणि लाकडी पंख

मंडळी, भोकरदन तालुक्यातल्या या केदारखेड्यात ग्लायडरच्या विंचविषयी बोलायचं, तर सुरुवात विहिरीपासूनच केली पाहिजे. ज्यांनी मोट चाललेली पाहिलीय त्यांना पुढचं निम्मं आधीच कळलेलं आहे. बैल धावेवरून उताराला जायचे, नाडा चाकावरून फिरायचा आणि मोट वर यायची. ओढ एका दिशेला, चढ दुसरीकडे. विंचमध्ये पाण्याऐवजी विमान चढतं, एवढंच.

आधी मोठं ग्लायडर घेऊ. पुण्यात हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे. मैदानाच्या एका टोकाला बिनइंजिनाचं ग्लायडर, दुसऱ्या टोकाला विंच, मध्ये लांबच लांब तार. ड्रम फिरला की तार गुंडाळत जाते, ग्लायडर पतंगासारखं चढतं आणि माथ्यावर पायलट तार सोडून देतो. आपल्याकडे आखलेल्या ग्लायडरना नावं दिली ती नक्षत्रांची: अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर्ष. पेरणीसाठी रोहिणी-मृगाकडे डोळे लावणाऱ्या गावाला हे आवडावं! यातलं रोहिणी लाकडी, दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं. ते १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं.

रेडिओवर चालणाऱ्या लहान लाकडी ग्लायडरची गोष्ट थोडी निराळी. पूर्वी दोर धरून माणूसच धावायचा. संक्रांतीला मांजाची ओढ बोटांना कळते ना, तशी पंखावरची ओढ त्याच्या हाताला कळायची. जास्त झाली की तो पाय आवरायचा. मग रबराचा दोर आला. तो सुरुवातीला जोरात ओढतो आणि आपोआप मऊ पडतो. त्यानंतर विजेचा विंच: मोटारगाडीच्या स्टार्टरची मोटर, १२ व्होल्टची बॅटरी आणि पायाखाली बटण. दोर दूर रोवलेल्या चाकाला वळसा घालून उडवणाऱ्याजवळ परत येतो. एफ३बी स्पर्धेत हे चाक विंचपासून २०० मीटरच्या आत असावं लागतं.

गंमत अशी, की या मोटरला हात नाही. वेग दुप्पट झाला की पंखावरचा भार जवळजवळ चौपट होऊ शकतो, आणि बाल्साच्या जुन्या पंखाचा कणा असतो बारीक लाकडी पट्टीचा. काचतंतू आणि कार्बनच्या नव्या पंखांना तो भार चालतो. जुन्यांना नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. तरी आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंनी केलेलं ग्लायडर विंचला लावलं तेव्हा पाय दाबूनच धरला. पंख आधी धनुष्यासारखे वाकले, मग एक कोरडा आवाज. ओल्या हरभऱ्यात तुकडे वेचताना जन्मभर शिकवलेलं न्यायशास्त्र आठवलं: दोर हे उड्डाणाचं निमित्तकारण. मोडायलाही निमित्त आमचाच पाय होता, बरं का.

पट्टीला तिरका सांधा गावच्या सुताराने दिला. सरळ सांधा भार घेत नाही, हे त्याने आम्हाला न विचारताच सांगितलं. कागद चढवून डोप आम्हीच लावलं. सांध्याजवळ पंख थोडा जाड दिसतो.

आता बटण टिचकी मारल्यासारखं दाबतो. एक टिचकी, नजर पंखाच्या टोकांवर. टोकं फार वर वळली की पाय उचलायचा. चढ कमी मिळतो. माथ्यावर कडी आकड्यातून निसटते, दोराची इवली छत्री उघडते आणि दोर शेतात उतरतो. मग तो गोळा करायला गावातली पोरं आमच्या आधी पळतात.