वितरण

वितरण म्हणजे एखादी वस्तू, सेवा किंवा साधनसंपत्ती अनेकांमध्ये वाटून ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे. एखादी गोष्ट जागेत, काळात किंवा संख्यांमध्ये कशी विखुरलेली आहे, त्या मांडणीलाही वितरण म्हणतात. पहिला अर्थ क्रियेचा आहे आणि तो अर्थकारण, वीज, पाणी, शिधा व व्यापार या क्षेत्रांत येतो. दुसरा अर्थ स्थितीचा असून सांख्यिकी, भूगोल व जीवशास्त्र यांत रूढ आहे. वाटपाचा नियम कितीही नेटका असला, तरी प्रत्यक्ष कोणाच्या पदरात किती पडले हे दुसऱ्या अर्थाच्या वितरणावरूनच कळते. या नोंदीतील बहुतेक उदाहरणे कर्नाटकाची राजधानी बंगळुरू येथील आहेत.

अर्थशास्त्र : उत्पादनातून मिळालेले उत्पन्न जमीन, श्रम, भांडवल व उद्योजक यांच्यात अनुक्रमे खंड, वेतन, व्याज व नफा या रूपांनी वाटले जाते. हे कार्यात्मक वितरण होय. व्यक्ती किंवा कुटुंबे यांच्यातील उत्पन्नाची वाटणी हे वैयक्तिक वितरण असून त्यातील विषमता गिनी गुणांकाने मोजतात. सर्वांचे उत्पन्न समान असल्यास हा गुणांक शून्य येतो. सारे उत्पन्न एकाच्याच हाती असल्यास तो एकाच्या जवळ जातो.

संघराज्यात केंद्र व राज्ये यांच्यातील निधिवाटप हाही वितरणाचाच प्रश्न असतो. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘गाडगीळ सूत्र’ चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी १९६९ मध्ये स्वीकारले गेले. त्यात राज्यांना द्यावयाच्या मदतीपैकी ६० टक्के वाटप लोकसंख्येच्या आधारे होते. दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू मोठे सिंचन व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के भार होता. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो. चौदाव्या आयोगाने कर्नाटकाला दिलेला ४.७१३ टक्के वाटा पंधराव्या आयोगाने ३.६४७ टक्क्यांवर आणला. त्याविरुद्ध राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले.

वीज : वीजव्यवस्थेचे निर्मिती, पारेषण आणि वितरण असे तीन टप्पे असतात. कावेरीवरील शिवनसमुद्र केंद्रातून १९०२ मध्ये सुमारे १४७ किमी. दूरच्या कोलार सोनखाणींना वीज मिळू लागली. बंगळुरूचे रस्ते १९०५ मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळले. समान शक्ती वाहून नेताना दाब वाढवला की प्रवाह कमी होतो आणि तारांतील उष्णतेची हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून लांबचे पारेषण उच्च दाबाने करतात. वितरणात उलट, दाब पायरीपायरीने उतरवावा लागतो. उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टचे फीडर निघतात. गल्लीच्या तोंडाशी खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, ज्याला महाराष्ट्रात सर्रास ‘डीपी’ म्हणतात, हा दाब सुमारे ४०० व्होल्टवर आणतो आणि घरात २३० व्होल्टची एकफेजी जोडणी जाते.

वीज मंडळांच्या विभाजनानंतर हे टप्पे वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. बंगळुरूसह आठ जिल्ह्यांतील वितरण २००२ पासून ‘बेस्कॉम’ पाहते. महाराष्ट्रात २००५ मध्ये महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या निघाल्या. वितरण कंपनीची हानी दोन प्रकारची असते. तारा व ट्रान्सफॉर्मर यांतील हानी तांत्रिक असते. आकडे टाकून होणारी चोरी, सदोष मीटर व थकलेली बिले यांची हानी व्यापारी समजली जाते.

पाणी : बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मी. उंचीच्या पठारावर वसले असून शहरालगत मोठी नदी नाही. नळाचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलावातून आले. १९३३ मध्ये त्याच नदीवरील तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयाची भर पडली. पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ १९६४ मध्ये स्थापन झाले आणि १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. हे पाणी सुमारे १०० किमी. अंतरावरून तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी व तातगुणी येथील पंपांनी एकूण सुमारे ५०० मी. वर चढवले जाते. त्यामुळे मंडळाच्या खर्चात विजेच्या बिलाचा वाटा मोठा असतो. पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता रोज ७७.५ कोटी लिटर असून तो मुख्यतः २००७ मध्ये महानगरपालिकेत आलेल्या ११० गावांसाठी आहे.

शहरात आलेले पाणी भूस्तर जलाशयांत साठवून भागाभागाने सोडतात. अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड, ठरावीक तासच येते. मुंबईत ज्याला चावीवाला म्हणतात तो व्हॉल्व्हमन लांब लोखंडी चावी रस्त्यातील खड्ड्यात घालून झडप फिरवतो; एका गल्लीचा नळ बंद करून दुसऱ्या गल्लीचा सुरू करतो. घरमालक ते पाणी अंगणाखालच्या टाकीत, म्हणजे ‘संप’मध्ये, घेतात आणि पंपाने गच्चीवर चढवतात. संप नसलेल्या घराला मात्र नळ सुरू असेल तेवढ्या वेळातच भांडी भरावी लागतात. जलवाहिनी न पोहोचलेले भाग कूपनलिका व टँकर यांवर चालतात. कूपनलिका आटल्यावर ही विषमता किती वाढते, ते २०२४ च्या उन्हाळ्यात दिसले.

याच पाण्याची वाटणी त्याआधी राज्याराज्यांत झालेली असते. कावेरी लवादाने २००७ मध्ये ७४० टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३० व पुदुच्चेरीला ७ टीएमसी दिले. बंगळुरूचा सुमारे एकतृतीयांश भागच कावेरी खोऱ्यात येतो, या आधारावर लवादाने शहराची गरज कमी धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी ते अमान्य केले आणि कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढवला. त्यातील ४.७५ टीएमसी बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे.

सार्वजनिक वितरण : रास्त भाव दुकानांतून शिधापत्रिकाधारकांना धान्य देण्याच्या व्यवस्थेला सार्वजनिक वितरण व्यवस्था म्हणतात. १९९७ पासून ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांवर केंद्रित झाली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) पात्र व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. कर्नाटकाची ‘अन्नभाग्य’ योजना त्याच वर्षी सुरू झाली. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत महाराष्ट्र व कर्नाटक जोडले गेल्याने महाराष्ट्रातून बंगळुरूत कामाला गेलेल्या मजुराला कायद्याने मिळणारा शिधा तेथील दुकानातून उचलता येतो.

व्यापार : ग्राहकोपयोगी माल कंपनीकडून स्टॉकिस्ट, वितरक, घाऊक व किरकोळ दुकानदार या साखळीतून ग्राहकाकडे जातो. शेतमालाची साखळी बाजार समितीतून जाते. बंगळुरूच्या यशवंतपूर बाजारात महाराष्ट्राचा कांदा मोठ्या प्रमाणावर उतरतो आणि तेथून शहरभर पसरतो. फ्लिपकार्ट (२००७), बिगबास्केट (२०११) व स्विगी (२०१४) या बंगळुरूत सुरू झालेल्या कंपन्यांनी गोदामातून थेट दारात माल देऊन या साखळीतील काही दुवे वगळले. चित्रपट व्यवसायात वितरक निर्मात्याकडून एखाद्या प्रदेशाचे प्रदर्शन हक्क घेतो. निजाम, म्हैसूर अशी जुनी संस्थानी नावे या प्रदेशांना अजून चिकटून आहेत. कन्नड चित्रपटांच्या वितरकांची पेठ बंगळुरूच्या गांधीनगरात आहे.

सांख्यिकी : निरीक्षणांची मूल्ये आणि त्यांची वारंवारता यांची मांडणी म्हणजे वारंवारता वितरण. प्रसामान्य वितरणात सुमारे ६८ टक्के मूल्ये माध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत असतात. बंगळुरूत भारतीय सांख्यिकी संस्थेचे केंद्र आहे. मराठी संख्याशास्त्रज्ञांपैकी वसंत शंकर हुजूरबाजार यांचे संभाव्यता वितरणांवरील संशोधन प्रसिद्ध असून पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला.

भूगोल व जीवशास्त्र : लोकसंख्या, पाऊस, खनिजे यांच्या पसाऱ्यालाही वितरण म्हणतात. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाची घनता दर चौ. किमी.ला ३१९ होती. बंगळुरू नागरी जिल्ह्याची ४,३८१ व कोडगूची १३५ होती. मुंबईचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. बंगळुरूत तो मेपासून ऑक्टोबरपर्यंत विभागलेला असतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वाधिक असतो. प्राणी व वनस्पती यांच्या वितरणासाठी मराठीत ‘आढळ’ हाही शब्द वापरतात.

संगणकशास्त्र : लिनक्सचा गाभा व त्यासोबतच्या आज्ञावली एकत्र बांधून दिलेल्या संचाला वितरण किंवा ‘डिस्ट्रो’ म्हणतात, उदा., डेबियन, फेडोरा, उबुंटू. सी-डॅकने विकसित केलेले ‘बॉस’ हे भारतीय वितरण आहे. अशा संचांच्या प्रती परवान्याच्या अटी पाळून कोणालाही पुढे देता येतात. प्रत दिल्याने देणाऱ्याचा साठा कमी होत नाही, म्हणून पाणी किंवा धान्य यांप्रमाणे येथे वाट्याचे माप ठरवावे लागत नाही. वितरणाचे नियम प्रत कोणत्या अटींवर द्यावी एवढ्यापुरतेच असतात.