पोर्ट लुईचा कुली घाट



आपण सानगडीकर समुद्रापासून दूरची माणसे. किल्ला आपल्या गावात आहे. पण पाणी म्हणाल तर तलावाचे. तेव्हा मोरिशस बेटातल्या पोर्ट लुई बंदराचे मला काय कौतुक, असे कुणी विचारील. मी ते बंदर पाहून आलो ते तिथल्या हवेसाठी नव्हे. मजुरीच्या इतिहासात त्या बंदराला एक स्थान आहे आणि त्यात मराठी माणसाचाही वाटा आहे.

मादागास्करच्या पूर्वेला हे बेट. फ्रेंचांनी १७१५ साली ते घेतले आणि १७३५ पासून ला बूर्दोने नावाच्या गव्हर्नराने बंदर बांधून काढले. त्याचा पुतळा आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. दगड वाहणाऱ्या गुलामांना त्याच्या शेजारी जागा मिळाली नाही, हे सांगायला नको. ते मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेले होते. १८१० साली इंग्रज आले आणि १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड वाटण्यात आले. ते मालकांना, गुलामांना नव्हे!

आता उसाच्या मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाज ३६ मजूर घेऊन लागले. कागदोपत्री त्यांना ‘धांगर’ म्हटले आहे. हे आपले मेंढरेवाले धनगर नव्हेत. ते छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. पुढे कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबईहूनही जहाजे भरून जाऊ लागली, आणि रत्नागिरी, सातारा, ठाणे या बाजूची माणसे त्यांत चढली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते अशाच करारांतून.

ही माणसे उतरत तो धक्का आणि त्यामागचा डेपो १८४९ साली उभा राहिला. लोक त्याला कुली घाट म्हणत. आज आप्रवासी घाट म्हणतात. १९२३ पर्यंत सुमारे पाच लाख माणसे या वाटेने गेली. पाहायला गेलात तर थोडक्या पायऱ्या, दगडी भिंती, स्वयंपाकाची जागा, दवाखान्याचे अवशेष, एवढेच दिसते. बाकीचे बरेचसे मोटाररस्त्याने गिळले. २००६ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, तो भव्यतेसाठी खचित नव्हे. किल्ले पाहायला सवयलेला डोळा येथे क्षणभर गोंधळतो.

परंतु मला थांबवले ते त्या दगडांनी नव्हे, एका हिशेबाने. मजूर एक दिवस गैरहजर राहिला की त्याचा दोन दिवसांचा पगार कापीत. याला ‘डबल कट’ म्हणत. महिन्यात सहा दिवस चुकले की बारा दिवसांची मजुरी गेली. मग पाच रुपयांतून हाती काय उरले, ते आपणच मोजून पाहा. आपल्या भागातील बिडी वळणाऱ्या बाया हे चटकन ओळखतील. सट्टेदार चांगली बिडी छाटीत टाकतो, पैसे देत नाही आणि बिडी मात्र ठेवून घेतो. हिशेबाची जात तीच.

करार पुरा झाला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुराला फोटो लावलेला परवाना जवळ ठेवावा लागे. त्यावाचून भलत्या जिल्ह्यात सापडला की पोलीस धरीत. या जाचाविरुद्ध १८७१ साली गव्हर्नराकडे अर्ज गेला. त्याचा मसुदा अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्या गोऱ्याचा. मळेमालक त्याच्यावर भयंकर चिडले. पोर्ट लुईत त्याला मारहाण झाली. त्याला बेटाबाहेर घालवा, अशी मागणीही झाली, पण गव्हर्नर गॉर्डनने ती मानली नाही.

पुस्तकांतून प्लेव्हिट्झचे नाव येते आणि ते यावेच. माझी नजर मात्र खालच्या सह्यांवर जाते. त्या ९,४०१ होत्या! आमच्याकडे एका साध्या अर्जावर शंभर अंगठे घ्यायचे तर महिना जातो. कुणाची सासू आड येते, कुणाला उद्याच्या पानाची भीती. इथे तर परवान्यावाचून हद्द ओलांडणे हाच गुन्हा. अशा वेळी तो अर्ज एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात कुणी नेला असेल? रात्री कुणाच्या झोपडीत तो वाचून दाखवला गेला असेल? त्या काळी तिथे संघ नव्हता, वर्गणीची पावती नव्हती. तरी मी त्याला संघटनाच म्हणतो.

१८७२ मध्ये चौकशीला शाही आयोग आला. त्याने १८७५ साली अहवाल दिला आणि १८७८ मध्ये मजुरांचा नवा कायदा झाला. डबल कट मात्र विसाव्या शतकापर्यंत टिकला. तोवर १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे वकील तेथे पोहोचले होते आणि मजुरांचे खटले लढवीत होते. पुढचा इतिहास, १९६८ च्या स्वातंत्र्यापर्यंतचा, मोठा आहे. त्याला दुसरे व्याख्यान लागेल.

मराठी माणसे तेथे आजही आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. झाकरी नाचतात. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाल्याने ‘जी’ने संपणारी आडनावे पुष्कळ. मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जुनी दप्तरे आहेत. प्रत्येकाला एक नंबर. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव. नावांचे स्पेलिंग असे की मूळ नाव ओळखायला ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहावे लागते. नातवंडे-पतवंडे तेथे येतात, आजोबांचा नंबर सांगतात आणि गावाचे नाव उतरवून नेतात.