अश्विनी ते आर्द्रा : सफदरजंगच्या तांत्रिक केंद्राची वाटचाल

दिल्लीत सफदरजंगच्या मकबऱ्याजवळचा विमानतळ ब्रिटिश काळात विलिंग्डन एअरफील्ड म्हणून ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर नागरी विमान वाहतूक खात्याचे तांत्रिक केंद्र याच परिसरात कामाला लागले. इंजिनाचे विमान महाग, इंधनही महाग. पोरांना उडायला शिकवायचे तर बिनइंजिनाचे ग्लायडर परवडणारे. तेही बाहेरून आणण्यापेक्षा लाकडात घरीच घडवावे, असे या केंद्राने ठरवले.

1958 मध्ये दोन आसनांचे ‘अश्विनी’ उडाले आणि पुढची नावे पंचांगातूनच येत गेली. 1961 मध्ये एकआसनी ‘भरणी’, 1963 मध्ये कृत्तिकांच्या जागी ‘कार्तिक’, 1970 मध्ये ‘मृगशीर’.

यांत सर्वाधिक चालले ते एस. रामामृतम यांनी आरेखित केलेले ‘रोहिणी’. मे 1961 मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि पुढे शंभराहून अधिक रोहिणी तयार झाली. एनसीसीच्या हवाई शाखेतल्या अनेक छात्रांनी जमीन पहिल्यांदा सोडली ती यातूनच. रोहिणीत गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसत. शिष्याने दांडा किती घट्ट आवळला आहे हे गुरूला दिसे. न ओरडता बोलता येई. ग्लायडर उतरताना चुकले तर पुन्हा वर जायला इंजिन नसते. त्यामुळे दुरुस्तीचा शब्द वेळेवर कानी पडणे मोलाचे.

पण दोघे शेजारी बसले की विमानाचे अंग रुंद होते आणि हवेचा अडथळा वाढतो. शिवाय शिष्य मध्यरेषेच्या एका बाजूला बसतो. एकआसनी ग्लायडरमध्ये गेला की समोरचे दृश्य बदलते.

5 मार्च 1979 रोजी उडालेल्या ‘आर्द्रा’त हे गणित बदलले. तिथे आसने एकामागे एक. शिष्य पुढे, गुरू पाठीमागे; नियंत्रणे दोघांकडेही. पुढच्याला समोर फक्त आकाश आणि उपकरणे दिसतात, म्हणजे एकट्याने उडताना जे दिसेल तेच. एकट्याच्या पहिल्या उड्डाणाला मागची जागा रिकामी राहते, एवढाच फरक. गुरूला मात्र शिष्याचा चेहरा दिसत नाही. विमानाची चाल पाहूनच त्याला शिष्याचा गोंधळ ओळखावा लागतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अशी सुमारे 50 आर्द्रा बांधली.

आर्द्राच्या आधी केंद्राने इंजिनाच्या विमानातही हात घातला होता: 1967 मध्ये उडालेले छोटे ‘रेवती’.

सफदरजंगच्या धावपट्टीवरचे क्लबांचे प्रशिक्षण 2001 नंतर सुरक्षेच्या कारणावरून थांबले. ग्लायडिंगसाठी पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सेंटर चालवले. तिथे विंचच्या तारेने ग्लायडर वर ओढले जाई.

एनसीसी, हवाई दल आणि नौदल यांच्यासाठी इंजिनाच्या 194 हलक्या विमानांचा करार 2015 मध्ये झाला, तो स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीशी. त्या ‘व्हायरस एसडब्ल्यू-80’मध्ये दोन्ही आसने रोहिणीसारखी शेजारी-शेजारी आहेत. सफदरजंगच्या केंद्राने 1961 मध्ये स्वतः सोडवलेला प्रश्न 2015 मध्ये करार करून सोडवावा लागला. दोन आसनांची गरज तशीच राहिली. त्यांची आखणी मात्र दिल्लीतून बाहेर गेली.