औषधासाठी गांजा चालतो म्हणे, मग शेतात लावला तर गुन्हा का? जाणून घ्या कायदा आणि औषध कंपन्यांचं गणित

'गांजापासून कॅन्सरचं औषध बनतंय, आता लागवडीला परवानगी मिळणार' अशा अर्थाचे मेसेज आणि व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. त्यातलं काही खरं, बरंचसं अर्धवट. औषध कंपन्या या झाडापासून औषधं बनवतात, हे खरं आहे. भारताच्या कायद्यात औषधासाठी वाट ठेवलेली आहे, हेही खरं आहे. पण आज महाराष्ट्रात एखाद्या शेतकऱ्याने विनापरवाना एक झाड जरी लावलं, तरी तो गुन्हा ठरतो. अर्धवट माहितीवर विश्वास ठेवला तर जेलची वारी घडू शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेणं गरजेचं आहे.

झाड एकच, पण कायद्यात नावं वेगळी

अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, १९८५ साली झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्यात झाडाच्या भागांनुसार फरक केलेला आहे.

- गांजा : झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. नुसती पानं आणि बी यात धरत नाहीत.
- चरस : झाडापासून वेगळा काढलेला चीक.
- भांग : पानांपासून बनते. ती एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाही, तिच्यावर राज्याचा कायदा चालतो. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो.

'पानं कायद्यात येत नाहीत, मग झाड लावायला काय हरकत?' असा प्रश्न काहीजण विचारतात. हरकत आहे. झाडाची लागवड हा कायद्याने वेगळा गुन्हा धरलेला आहे.

शिक्षा किती?

कलम २० नुसार विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तयार गांजा सापडला तर वजनावर शिक्षा ठरते.

- १ किलोपर्यंत : १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- १ किलोच्या वर, २० किलोपर्यंत : १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.
- २० किलोपेक्षा जास्त, म्हणजे व्यापारी प्रमाण : किमान १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं सक्तमजुरी, सोबत १ ते २ लाखांचा दंड.

व्यापारी प्रमाणात जामीन मिळणं फार अवघड असतं. आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला प्रथमदर्शनी पटलं आणि तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही याची खात्री वाटली, तरच जामीन होतो. पोलिसांनी मुळं, खोड, पानं सगळं धरून वजन केलं म्हणून कोर्टात वाद झाल्याची प्रकरणं आहेत. पण तो वाद वकील लावून, तारखा करत, बहुतेकदा जेलमधून लढावा लागतो.

जमीन मालक, सरपंच यांच्यावरही जबाबदारी

आपल्या जमिनीत असं बेकायदा पीक असल्याचं कळलं, तर जमीनधारकाने लगेच पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवायचं, असं कलम ४६ सांगतं. मुद्दाम लपवलं तर शिक्षा आहे. कलम ४७ प्रमाणे सरपंच, पंच आणि गावकामगारांनाही ही माहिती देणं बंधनकारक आहे. जमीन बटईने किंवा खंडाने दिलेली असली, तरी मालकाने जाणूनबुजून तिचा असा वापर होऊ दिला तर तोही अडकतो. त्यामुळे खंडाने दिलेल्या वावरात तुरीच्या किंवा उसाच्या आत काय उभं आहे, यावर मालकाचं लक्ष हवं.

मग औषधाची वाट कुठे आहे?

याच कायद्याच्या कलम ८ मध्ये सरसकट बंदी आहे, पण 'वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणासाठी' सूट ठेवलेली आहे. ही सूट आपोआप मिळत नाही. नियम आणि परवाना असेल तरच मिळते. कलम १० ने राज्य सरकारला लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. धागा आणि बियाण्यासाठी लागवड करायची तर कलम १४ प्रमाणे सरकार परवानगी देऊ शकतं.

म्हणजे दार आहे, पण किल्ली सरकारकडे आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याला अशी लागवड करू देणारी कोणतीही योजना आजघडीला सुरू नाही.

अफूचं उदाहरण घेतलं की हे लवकर कळतं. मध्य प्रदेशातल्या मंदसौर, नीमच भागात आणि राजस्थान, उत्तर प्रदेशात काही शेतकरी कायदेशीर अफू घेतात. त्यांना केंद्राच्या नार्कोटिक्स खात्याचा परवाना असतो, क्षेत्र मोजून दिलेलं असतं आणि माल सरकारच्या हिशेबात जातो. त्यातूनच मॉर्फिनसारखी औषधं बनतात. गांजाच्या बाबतीत शेतकऱ्यांसाठी अशी देशव्यापी व्यवस्था उभी राहिलेली नाही.

औषध कंपन्या नेमकं काय करतात?

या झाडात अनेक रसायनं असतात. त्यातली दोन महत्त्वाची. टीएचसी नशा आणतं. सीबीडी नशा आणत नाही. टीएचसी १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेकुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध रूपात वेगळं केलं. तिथून औषध कंपन्यांना मोजून डोस देता येईल असा पदार्थ मिळाला.

१९८५ मध्ये, म्हणजे भारतात बंदीचा कायदा झाला त्याच वर्षी, अमेरिकेत ड्रोनाबिनॉल या औषधाला मंजुरी मिळाली. कॅन्सरच्या केमोनंतर होणाऱ्या उलट्यांवर ते देतात. विशेष म्हणजे हे टीएचसी कारखान्यात बनवलेलं असतं. त्याला शेत लागतच नाही.

पुढे ब्रिटनच्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्स या कंपनीने झाडाच्या अर्कापासून 'सॅटिव्हेक्स' हा तोंडात मारायचा स्प्रे आणला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात, त्यावर तो आहे. २०१० मध्ये त्याला ब्रिटनमध्ये मंजुरी मिळाली. त्याच कंपनीचं 'एपिडायोलेक्स' हे शुद्ध सीबीडीचं औषध जून २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तेव्हाची मंजुरी लहान मुलांच्या दोन दुर्मीळ आणि फार अवघड अपस्मारांसाठी होती. २०२१ मध्ये जॅझ फार्मास्युटिकल्सने ही कंपनी ७०० कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली. मोठा पैसा कुठे आहे, ते यावरून कळतं. तो मंजूर झालेल्या औषधात, पेटंटमध्ये आणि चाचण्यांमध्ये आहे.

या कंपनीला झाडं कुणी पुरवली, तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडच्या नॉरफोक भागात ब्रिटिश शुगर कंपनीचा बीटापासून साखर बनवणारा कारखाना आहे. त्याला लागून असलेल्या प्रचंड काचगृहात आधी टोमॅटो पिकायचे. कारखान्याची वाया जाणारी उष्णता तिथे वापरली जायची. नंतर टोमॅटो बंद करून त्याच काचगृहात औषधासाठी, सरकारी परवान्याने, या झाडांची लागवड सुरू झाली. औषध कंपनीला प्रत्येक झाडात रसायनाचं प्रमाण सारखंच लागतं. पाऊस, कीड, फवारणी यांमुळे ते कमीजास्त झालेलं चालत नाही. उघड्या वावरातलं पीक म्हणूनच अशा कंपन्यांच्या फारसं कामाचं नसतं.

भारतात काय चाललंय?

- जम्मू : केंद्राच्या सीएसआयआरची संस्था जम्मूजवळ चाठा इथे बंदिस्त क्षेत्रात, कॅनडाच्या एका कंपनीसोबत औषधासाठी संशोधन करते.
- उत्तराखंड : २०१८ पासून औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाना. अट अशी की टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्याकडच्या देशी झाडात ते बऱ्याचदा याहून जास्त असतं.
- हिमाचल प्रदेश : कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी.
- अन्न म्हणून : एफएसएसएआयने २०२१ मध्ये हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अटींसह खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. ती विक्रीपुरती आहे. त्यातून लागवडीची मुभा मिळत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात या झाडाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. 'भारताने गांजा कायदेशीर केला' ही अफवा तेव्हाच पसरली. प्रत्यक्षात तो आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीच राहिला आणि देशातला कायदा बदललाच नाही.

सोलापूर जिल्ह्यातला तो अर्ज

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, खर्चही निघत नाही, हे त्याचं कारण. परवानगी मिळाली नाही, पण अर्जामागचं दुखणं खोटं नव्हतं. कांदा, टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली की माणूस जास्त भावाच्या पिकाचा विचार करणारच. अशा वेळीच 'कंपनीशी करार करून देतो' म्हणणारे भेटू शकतात.

कुणी करार घेऊन आलं तर हे विचारा

१. लागवडीचा परवाना कुणाच्या नावावर आहे आणि कोणत्या खात्याने दिला? कंपनीची जीएसटी नोंदणी म्हणजे परवाना नव्हे.
२. परवान्यात आपला जिल्हा आणि गट नंबर आहे का?
३. बियाण्याचे किंवा नोंदणीचे पैसे आधी का मागताय?

परवान्याची प्रत दाखवली तरी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागात जाऊन खात्री करा. 'सगळं सेटिंग आहे' असं उत्तर आलं तर तिथेच हात जोडा. धाड पडली की सातबारा शेतकऱ्याचा निघतो, एजंटचा नाही.

पेशंट असलेल्या घरांसाठी

ऑनलाइन 'विजया' किंवा सीबीडी नावाने तेलं मिळतात. विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत तिची पानं येतात. त्यामुळे अशा औषधाला परवाना लागतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा लेबलवर छापावा लागतो. बाटलीवर लायसन्स नंबर नसेल तर घेऊ नका.

या तेलाने कॅन्सर बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. परदेशातली मंजूर औषधं उलट्या, ठरावीक अपस्मार आणि स्नायूंचं आखडणं यासाठी आहेत. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मॉर्फिन कायदेशीर मिळतं. २०१४ च्या दुरुस्तीने त्याचे नियम सोपे झाले आहेत. फिटच्या पेशंटची चालू गोळी तेलाच्या भरवशावर बंद करू नका, फिट वाढून जिवावर बेतू शकतं. सीबीडीने काहींच्या लिव्हरवर परिणाम होतो, खास करून व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असेल तर. म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.

अमली पदार्थांची माहिती द्यायची असेल तर केंद्र सरकारची मानस हेल्पलाइन १९३३ आहे. व्यसन सोडवण्यासाठी मदत हवी असेल तर १४४४६ वर फोन करता येतो. पुढे सरकारने शेतकऱ्यांसाठी खरंच परवाना योजना आणली, तर तिचा शासन निर्णय निघेल आणि तहसील कार्यालयात चौकशी करता येईल. तोवर मोबाईलवरच्या मेसेजच्या भरवशावर एकही बी मातीत टाकू नका.