कानामागचा ठिपका

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारांची दाढी करणं बंद झालं. एका सावकारानं कोर्टाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखांच्या राहत्या घरावर हात टाकला, हे निमित्त. कर्जाच्या गाठी घरोघरी आधीच बसल्या होत्या. कुणबी सावकाराच्या दुकानाची पायरी चढेना, त्याचं शेत कोणी वाहीना आणि न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांनी त्याच्या कामाला नकार दिला. बहिष्काराचं हे लोण पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत पसरलं. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा पेटला आणि सावकारांचे कर्जरोखे जळाले. आजच्या दौंडचा बराच मुलूख तेव्हा याच भीमथडीत येत असे. १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा या सगळ्यातून आला.

बलुत्यांच्या यादीत न्हाव्याचं नाव येतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. करड्यात मात्र त्यानं वस्तरा मिटून ठेवला, आणि त्याची दखल इतिहासाला घ्यावी लागली.

गावगाड्यात बलुतेदारांच्या तीन ओळी मानत. न्हावी मधल्या ओळीतला: कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी. मोबदला खळ्यावर धान्यात मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ १९१५ साली आलं, त्यात या देण्याघेण्याचं चित्र बारकाईनं उभं आहे. न्हाव्याचं सगळं दुकान म्हणजे काखेतली धोकटी. वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड, आरसा. शिकायचं ते बापाच्या किंवा चुलत्याच्या शेजारी बसून. आधी पाणी आणायचं, डोई भिजवायची, मग धार लावायची, आणि वस्तरा हातात यायला बराच काळ जायचा. चूक झाली तर तिथल्या तिथं दिसायची. रक्ताचा थेंब आला की तुरटीचा खडा फिरवायचा, गिऱ्हाईक दोन शब्द बोलायचं, शिकाऊ पोराला तेवढ्यात पुरता धडा मिळायचा. या धंद्याची सारी शिकवण अशी डोळ्यांसमोर घडणाऱ्या चुकीवर उभी होती.

आपलं हत्यार कशाला चालवायचं आणि कशाला नाही, हा विचारही या धंद्यानं केला. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. गिऱ्हाईक तयार, पैसे तयार, तरीही नाही म्हणायचं. या गोष्टीचं मोल आजच्या सलूनवाल्यानं ओळखावं असं मनापासून वाटतं, कारण रंगाच्या कामात त्याला हाच शब्द पुन्हा लागणार आहे.

रोख पैसे देणारं गिऱ्हाईक शिरूर आणि दौंड या दोन गावांत तसं लवकर आलं. घोडनदीकाठच्या शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजांची छावणी होती. दौंडला रेल्वे आली, १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला आणि भीमेकाठचं गाव जंक्शन झालं. पुढे दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या आल्या, शिरूरच्या बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. शिपाई, गार्ड, फिटर, कंपनीतला कामगार: यांच्यापैकी कोणाच्याच खळ्यावर धान्य नव्हतं. धोकटी भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर स्थिरावली, तिचं सलून झालं.

केसांना रंग देणं मात्र बराच काळ घरातलंच काम राहिलं. आवळा लोखंडी कढईत रात्रभर भिजवायचा. आवळ्यातला तुरटपणा आणि कढईतलं लोह मिळून काळा रंग उतरतो. माक्याचं तेल कढवायचं. मेंदी लावली की पांढरा केस तांबूस होतो. शौकिनांच्या मिशांना कलप लागायचा. यातला कोणताही उपाय काळा केस उजळ करीत नव्हता. असलेल्या रंगावर रंग चढवणं एवढंच ते काम होतं.

उजळ करणारं द्रव्य पॅरिसमध्ये सापडलं, आणि तेही १८१८ साली, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. लुई जाक तेनार या रसायनशास्त्रज्ञानं हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. १८६७ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात ते केस सोनेरी करण्यासाठी मांडलं गेलं. पॅराफेनिलिनडायामिन, म्हणजे आजच्या काळ्या रंगाचा प्राण असलेलं पीपीडी, हेही त्याच शतकातलं. १९०७ साली युजेन श्युलेरनं केसांचा कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ साली कंपनी काढली. तीच पुढची लॉरियाल. कंपनीच्या पहिल्या नावात ‘निरुपद्रवी रंग’ असे शब्द होते. केसांच्या रंगानं इजा होते हे लोकांना तेव्हाच ठाऊक होतं, म्हणून तर तसं नाव द्यावं लागलं.

हीच द्रव्यं आज शिरूरच्या बाजारपेठेत आणि दौंडच्या स्टेशनाजवळ पुडीत, ट्यूबमध्ये, बाटलीत मिळतात. काम शिकणाऱ्या मुलामुलींसमोर एक नवीनच अडचण उभी आहे. वस्तऱ्याची चूक लगेच दिसायची, रंगाची चूक दोन दिवसांनी दिसते.

पीपीडीची ॲलर्जी उशिरा उठणारी असते. रंग लावला त्या दिवशी गिऱ्हाईक आरशात बघून खूश होऊन जातं. एक-दोन दिवसांनी कानामागं खाज सुटते, कपाळ लाल होतं, पापण्या सुजून डोळे मिटतात. दहा वेळा लावलं, काहीच झालं नाही, हा भरवसाही खोटा. शरीर आधीच्याच वापरातून बिथरायला शिकतं आणि अकराव्या वेळेला उलटतं. इथं तुरटीचा खडा कामाचा नाही. भारताच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत यावर सरळ उपाय सांगितलेला आहे. कानामागची किंवा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा धुवायची, तयार रंगाचा ठिपका लावून वाळू द्यायचा, २४ तासांनी बघायचं. आणि हे प्रत्येक वेळी करायचं. भुवयांना आणि पापण्यांना हा रंग लावू नये, दृष्टी जाऊ शकते, हा इशाराही त्यातच आहे. ही सूचना स्थानिक भाषेतही छापावी लागते. खोक्यातला तो घडी घातलेला कागद खोक्याबरोबरच कचऱ्यात जातो.

केस उजळ करायचं शिक्षण याच्याही पुढचं. पेरॉक्साइडच्या बाटलीवर आकडा असतो: २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. चांगला उस्ताद शिकाऊ मुलीला आधी हा आकडा वाचायला लावतो. मग मानेजवळची, आतली, कोणाला न दिसणारी एकच बट घ्यायची. वाटी प्लास्टिकची, धातूची नाही. हातमोजे कामाच्या सुरुवातीपासून केस धुऊन होईपर्यंत. ब्लीचची पावडर वाटीत अलगद सोडायची, कारण तिच्यातल्या परसल्फेटची धूळ श्वासात गेली तर कारागिरालाच दमा जडू शकतो. लेप टोकांकडे आधी, मुळाशी शेवटी. टाळूच्या उबेनं मुळाकडचं काम लवकर होतं, नाहीतर मुळं पिवळी आणि टोकं तांबडी राहतात. बट फॉइलमध्ये गुंडाळायची आणि दर थोड्या मिनिटांनी उघडून बघायची. आपल्याकडचा काळाभोर केस आधी तांबडा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा आला की थांबायचं. नारिंगीवरच बट हाताला रबरासारखी ताणली जायला लागली, तर तिथंच थांबायचं, मग गिऱ्हाइकाच्या फोनवर कोणत्याही नटीचा फोटो असो.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो: काळी मेंदी लावता का? मेंदीच्या पाल्यातून काळा रंग येत नाही. पुडीवर मेंदी लिहिलेलं असलं तरी आत पुष्कळदा पीपीडी असतं, कधी धातूचे क्षारही. असा क्षार बसलेल्या केसांना पेरॉक्साइड लागलं की केस तापतात आणि तुटतात. यावर जुनी परीक्षा आहे. दोन-चार केस कापून २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये टाकायचे, त्यात अमोनियाचे काही थेंब घालायचे आणि पेल्याला हात लावून बघायचं. पेला गरम लागला, बुडबुडे उठले, की काम नाकारायचं.

हे सगळं आयटीआयच्या एका वर्षाच्या कॉस्मेटॉलॉजीसारख्या अभ्यासक्रमात शिकता येतं. पण कित्येक मुलं अजूनही सलूनमध्येच, मोठ्याच्या शेजारी उभं राहून शिकतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मोठ्यानं स्वतः कानामागं ठिपका लावला तर पोर लावेल. तो थेट वाटी कालवायला बसला तर पोरही तेच करेल.

या धंद्यात रंगाचं वजन किती वाढलं, हे टाळेबंदीत कळलं. २८ जून २०२० पासून महाराष्ट्रात सलून पुन्हा उघडली, तेव्हा केस कापायला आणि रंगवायला परवानगी होती, दाढीला नव्हती. ज्या वस्तऱ्यानं करड्याच्या सावकाराला जेरीला आणलं, तो खणात पडून राहिला आणि ब्रश चालू झाला.

तेव्हा शिरूरला, दौंडला किंवा आणखी कुठंही, खुर्चीत बसल्यावर कोणी म्हणालं, “ताई, आज नुसता कानामागं ठिपका लावतो, रंगाचं उद्या बघू,” तर चिडू नका, दुसऱ्या दुकानात जाऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच या.