खोजे कोण, हे कोर्टाने ठरवलं तेव्हा

कुठल्याही फॉर्मवर ‘धर्म’ या रकान्यात एकच पर्याय निवडता येतो. असे फॉर्म बनवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि माणसं त्यांत नीट बसत नाहीत हेही रोज दिसतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या खोजा समाजाला कोणत्या रकान्यात घालायचं, हा वाद थेट कोर्टात गेला. तोही दोनदा.

खोजे हा कच्छ-काठियावाडातून आलेला व्यापारी समाज. पीर सद्रुद्दीन यांनी आपल्या पूर्वजांना इस्लामची दीक्षा दिली, असं त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या ‘दसावतार’ या रचनेत विष्णूचा दहावा अवतार म्हणजे हजरत अली. वारसाहक्काचे रिवाज मात्र हिंदूंसारखे.

१८४७ साली खोजा मुली कोर्टात आल्या. मागणी साधी होती: आम्ही मुसलमान आहोत, तर वडिलांच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे वाटा द्या. समोरच्या बाजूने सांगितलं, आमच्यात मुलींना वाटा देण्याची चाल नाही. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी चाल मान्य केली. मुली हरल्या. कच्छी मेमन मुलींच्या वाट्यालाही तोच निकाल आला.

१८६६ चा खटला मोठा होता. इराणमधून आलेले पहिले आगाखान, हसन अली शाह, यांना बहुतेक खोजे आपला इमाम मानत. एका गटाला ते मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, खोजे सुन्नी आहेत आणि जमातीच्या मालमत्तेवर आगाखानांचा काही अधिकार नाही. आता मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर इस्लामचा इतिहास उलगडला गेला. ‘दसावतार’ही पुरावा म्हणून आला. निकाल लागला: खोजे हे शिया इमामी इस्माइली, आणि आगाखान त्यांचे वंशपरंपरागत इमाम.

गंमत बघा. पहिल्या खटल्यात कुराणापेक्षा चाल वरचढ ठरली. दुसऱ्यात जुनी श्रद्धा, ग्रंथ आणि वंशावळ निर्णायक ठरली. दोन्ही वेळा फैसला करणारा इंग्रज. दोन्ही बाजूंच्या माणसांची श्रद्धा खोटी होती, असं मी म्हणत नाही. पण ‘खरा खोजा कोण’ हा प्रश्न दोन्ही वेळा कोर्टात आला तो मालमत्तेचा हात धरून.

पुढे १९३७ च्या शरियत कायद्याने वारशातल्या अशा चालींना बाजूला सारलं. म्हणजे त्या मुलींची मागणी तत्त्वतः मान्य व्हायला नव्वद वर्षं गेली. तरीही या कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती. मृत्युपत्र आणि दत्तकाला तो लागू करायचा तर माणसाने स्वतः तसं जाहीर करायचं होतं. शरियत आली, पण सोयीची कुंपणं घालून.

आज कुणी ‘खरा मुसलमान असा असतो’ म्हणून ठणकावतं, मग तो मौलवी असो, नेता असो की टीव्हीवरचा अँकर, तेव्हा मला १८४७ आठवतं. त्या मुलींनी आपण कोण आहोत हे स्वतः सांगितलं होतं. व्याख्या ठरवताना त्यांचं ऐकलं गेलं नाही, आणि वाटाही गेला. म्हणून व्याख्या तपासण्याआधी एवढंच विचारावं: ती मान्य केली तर कुणाच्या हातातून काय जातं?