शातूचा सज्जा

पॅरिसच्या पश्चिमेस, सीन नदीच्या काठी शातू हे उपनगर वसले आहे. तेथील बेटावर फुर्नेझ कुटुंब उपाहारगृह चालवी आणि नौकाही भाड्याने देई. १८८०-८१ मध्ये रेन्वार या चित्रकाराने त्याच्या सज्जात जेवणासाठी जमलेली आपली मित्रमंडळी रंगविली. १९०६ मध्ये उपाहारगृह बंद पडले आणि वास्तू मोडकळीस आली. चित्र मात्र १९२३ पासून वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात सुरक्षित आहे. अखेर १९७९ मध्ये नगरपालिकेने ती वास्तू विकत घेतली व पुढे तिचा जीर्णोद्धार झाला. वास्तू जाते आणि चित्र उरते, हा नेहमीचा क्रम. येथे चित्रानेच वास्तूला तारले, असे आम्हांस वाटते. मग ज्या काठावरच्या घरांना चित्रकार लाभला नाही, त्यांचा वारसा कोणी जपावयाचा?